फुकटची कोथिंबीर आणि अकरा सत्तरचा कागद

ताई, आम्ही कासारवडवलीला राहतो. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, हे रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहेत. घरात सासूबाई आणि दोन मुलं. आमची २०१४ ची छोटी पेट्रोल गाडी यांच्या नावावर आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या गाडीतून त्यांना उठताच येत नाही, म्हणून जरा उंच गाडी घ्यायची ठरवली. सगळं धरून अकरा लाखांच्या वर जायचं नाही, असं आमचं ठरलंय. घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो. बाहेर फलकावर नऊ लाख चौसष्ट हजार लिहिलेली गाडी, हातात कागद आला तेव्हा अकरा लाख सत्तर हजार पाचशेची झाली होती. सेल्समन म्हणतो, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे. वरचं मॉडेल ‘फक्त चौसष्ट हजारांनी’ जास्त आहे, तेच घ्या, असाही त्याचा आग्रह. धाकट्या दिरांनी गेल्या खेपेला सत्तर हजार सूट मिळवली, ते आम्हाला दर जेवणाला ऐकावं लागतं. आमचे हे भाव करायला लाजतात. मी जांभळी नाक्यावर भाजीवाल्याशी हुज्जत घालते, पण त्या काचेच्या केबिनमध्ये माझी जीभ टाळ्याला चिकटते. जुन्या गाडीचे शोरूम एक लाख दहा हजार अधिक वीस हजार बोनस देतोय, असं सेल्समन तोंडी म्हणाला. ती तिथेच देऊ का? कर्ज सहा लाखांचं घ्यायचं आहे, तेही तिथूनच घेऊ का? सासूबाईंना गाडी दसऱ्यालाच दारात हवी. कोटेशनचा फोटो सोबत पाठवते.
– गोंधळलेली, कासारवडवली

बाई (शिक्षिका आहात, म्हणून बाईच म्हणते), कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘डीलर फसवतोय का?’ एवढंच असतं, आणि त्याचं उत्तर मी कुंडली मांडून देऊ शकत नाही. तुमचा कागद मी वहीत उतरवून घेतला. एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी, विमा वगैरे धरण्याआधीची किमत, ९,६४,०००. आरटीओ १,१६,५००. विमा ५२,४००. हँडलिंग व लॉजिस्टिक्स ८,५००. इसेन्शियल किट २८,०००. वाढीव वॉरंटी १६,०००. कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) ९,५००. फास्टॅग ६००. वजा सूट २५,०००. एकूण ११,७०,५००. बेरीज बरोबर आहे, तेवढं श्रेय शोरूमला देऊन टाकू.

जांभळी नाक्यावर तुम्ही काय करता? मेथीच्या जुडीचा भाव पाडता आणि निघताना वर चार काड्या कोथिंबीर मागून घेता. शोरूममध्ये कोथिंबीर आधी देतात. पायपुसणी, मडफ्लॅप, डॅशबोर्डवरचा छोटा गणपती, सीट कव्हर, सगळं ‘आमच्याकडून’. मग तिचे पैसे खाली ‘इसेन्शियल किट’ या नावानं लागतात. तुम्ही मात्र जुडीच्याच भावावर अडून बसता, म्हणजे एक्स-शोरूम किमतीवर. ती किमत कंपनीची असते आणि तिच्यात विक्रेत्याला सुटणारा पैसा बेताचाच असतो. त्याची खरी कमाई विमा, किट, कोटिंग, कर्ज आणि तुमची जुनी गाडी यांत होते. म्हणून तुमच्या कागदावर पहिल्या ओळीला हातही न लावता काय होतं ते आधी बघू.

आरटीओची ओळ. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी कर आहे. ९,६४,००० चे ११ टक्के होतात १,०६,०४०. नोंदणीचे ६०० रुपये, कर्जाचा बोजा आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, चढवण्याचे १,५००, स्मार्ट कार्ड, टपाल आणि असे किरकोळ आकार. मी सढळ हातानं धरूनही एक लाख साडेदहा हजारांच्या पुढे जात नाही. मग वरचे सहा हजार कसले? भांडू नका. ‘आरटीओच्या पावतीवर माझ्या नावानं जेवढी रक्कम येईल तेवढीच देईन’ एवढं शांतपणे म्हणा. पावती ऑनलाइन निघते, ती लपवता येत नाही. नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर तेही देऊ नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी गाडीसोबतच येते.

हँडलिंगचे साडेआठ हजार हे कुठलंही सरकारी शुल्क नाही. गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हा विक्रेत्याचा धंदा आहे. यावर लांबलचक वाद घालण्यात अर्थ नाही, ती ओळ पेनानं खोडा आणि कागद त्याच्यापुढे सरकवा. मी असं केलं तेव्हा समोरच्या मुलानं ‘मॅडम, ही सगळ्यांनाच लागते’ असं म्हटलं, आणि दहा मिनिटांनी ती गेलीही.

आता विमा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पैसा इथे आहे.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. त्याचा दर सरकारी असतो आणि सगळ्या कंपन्यांकडे सारखाच. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये होते. त्यामुळे एका कंपनीचा विमा स्वस्त आणि दुसरीचा महाग पडतो, तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागामुळे आणि वरच्या जोडण्यांमुळे (ॲड-ऑन). हा भाग एका वर्षाचा घेतला तरी चालतो. विक्रेत्याकडूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती त्याला करता येत नाही. विमा नियामकानं विक्रेत्यांसाठी २०१७ मध्ये नियमावलीच काढली आहे.

संध्याकाळी मोबाइलवर दोन-तीन विमा कंपन्यांची कोटेशनं काढा. फक्त एक सांभाळा, तुलना सारख्याची सारख्याशी करा. नव्या गाडीची विमा किमत, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, तुमच्या गाडीला ९,१५,८००. कुणी साडेआठ लाख धरून हप्ता स्वस्त दाखवत असेल तर तो स्वस्त नव्हे, अपुरा आहे. जोडण्यांमध्ये झिरो डेप्रिसिएशन (सुटे भाग बदलताना जुनेपणाची घट न कापणारी जोडणी) घ्या आणि इंजिन प्रोटेक्शन घ्याच. जुलैत वंदना टॉकीजच्या परिसरात कधी अडकलात तर का सांगते ते कळेल. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा चालू करून इंजिन गेलं, तर साधा विमा हात वर करतो. चावी हरवल्याचा, टायरचा, सामानाचा विमा मात्र खुशाल गाळा. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमाही त्यात असतो. यांच्याकडे तेवढ्या रकमेचा वेगळा अपघात विमा आधीच असेल तर तो दाखवून ही रक्कम वगळता येते.

सेल्समन म्हणेल, ‘बाहेरचा विमा घेतलात तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस मिळणार नाही.’ कॅशलेस विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर ठरतं. तिथल्या सर्व्हिस काउंटरवर जाऊन कुठल्या कंपन्यांशी करार आहे ते विचारा आणि त्यांतलीच एक निवडा. संपला विषय. अशी कोटेशनं शोरूमच्या कागदापेक्षा पुष्कळ कमी येतात, तुमच्या ५२,४०० ऐवजी मी ३७,००० धरते.

किट आणि कोटिंगबद्दल दोनच वाक्यं. पायपुसणी आणि मडफ्लॅप बाहेर पाच हजारांत चांगली मिळतात. कोटिंगचे साडेनऊ हजार सासूबाईंच्या फिजिओथेरपीला लावा.

आता पुन्हा बेरीज करा. गाडी ९,६४,०००, आरटीओ १,१०,५००, विमा ३७,०००, फास्टॅग ६००, बाहेरची पायपुसणी वगैरे ५,०००, वजा त्याच्याच तोंडची सूट २५,०००. झाले १०,९२,१००. अठ्ठ्याहत्तर हजार कमी, आणि अजून घासाघीस सुरूही झालेली नाही. वाढीव वॉरंटी मी यात धरलेली नाही. ती मूळ वॉरंटी संपण्याआधी नंतरही घेता येते, जरा महाग पडते इतकंच. गाडी सात-आठ वर्षं वापरायची असेल तर घ्या, पण ती आज घेण्याचा हट्ट त्याचा आहे, तुमचा नको.

वरच्या मॉडेलचं बोलू. एक्स-शोरूम १०,२८,०००, म्हणजे खरंच चौसष्ट हजारांचा फरक. पण दहा लाख ओलांडले की कराचा टप्पा बदलतो. १२ टक्क्यांनी कर होतो १,२३,३६०, म्हणजे १७,३२० रुपये जास्त. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेता तुमच्याकडून आधीच वसूल करतो तो आयकर, १०,२८० रुपये. ही रक्कम आयकर विवरणपत्र भरताना वळती होते किंवा परत मिळते, पण आज तर तुमच्याच खात्यातून जाणार. चौसष्ट हजारांचे झाले ९१,६००, विम्याची वाढ वेगळीच. या पैशांत मिळतं काय? सनरूफ. घोडबंदरच्या धुळीत ते तुम्ही वर्षातून किती वेळा उघडाल, ते मुलांना न विचारता ठरवा.

अजून एक. शोरूमच्या पत्रकावर ‘एकूण लाभ ९०,०००’ असं काही छापलेलं दिसलं, तर त्यात जीएसटीची कपात मोजली आहे का ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर होता, तो १८ टक्के झाला. ती सवलत सरकारनं दिली आणि ती आजच्या ९,६४,००० मध्ये आधीच उतरलेली आहे. तीच पुन्हा ‘सूट’ म्हणून मोजणं म्हणजे पगारवाढ बायकोला दोनदा सांगण्यासारखं.

दिरांचे सत्तर हजारही असेच सोलून बघा. त्यांत एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी गाडी दिल्याबद्दलची सूट, किती होता? गाडी डिसेंबर-जानेवारीत घेतली का? वर्ष बदलताना विक्रेत्याकडे आदल्या वर्षी बनलेल्या गाड्या पडून असतात, त्या काढायला तो भरघोस सूट देतो. वाईट काही नाही, फक्त विकताना ती गाडी एका वर्षानं म्हातारी धरली जाते. बहुतेक कंपन्यांच्या चेसिस क्रमांकात दहावं अक्षर वर्ष सांगतं, २०२४ साठी आर, २०२५ साठी एस, २०२६ साठी टी. दिरांच्या आरसीवर डोकावून बघा. जेवताना मात्र काही बोलू नका.

तुमच्या कागदावर एक ओळ मला दिसलीच नाही, ती म्हणजे सरकारी किंवा कॉर्पोरेट कर्मचाऱ्यांची सूट. बऱ्याच कंपन्या शिक्षकांना ती देतात, ओळखपत्राची प्रत आणि पगारपत्रक लागतं. सेल्समनला तुम्ही शिक्षिका असल्याचं सांगितलंत का? मला वाटतं, तो यांच्याशीच बोलत असणार.

पण इथे एक पेच आहे. जुनी गाडी यांच्या नावावर. पाच वर्षं क्लेम केला नसेल, तर यांचा नो क्लेम बोनस ५० टक्के झालेला असणार. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. जुनी गाडी विकल्याचा पुरावा दिला की विमा कंपनी प्रमाणपत्र देते, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते. पण नवी गाडी यांच्याच नावावर हवी. तुमच्या नावावर घेतलीत तर शिक्षिकेची सूट मिळेल आणि बोनस हातचा जाईल. दोन्ही आकडे कागदावर मागा, जो मोठा त्याच्या नावावर गाडी. काही कंपन्या नवराबायकोपैकी एकाची नोकरी चालवून घेतात. तसं असेल तर गाडी यांच्या नावावर घ्या आणि दोन्ही लाभ पदरात पाडा.

जुन्या गाडीचं पत्रात तुम्ही लिहिलंय, की शोरूम एक लाख दहा हजार अधिक वीस हजार बोनस देतोय, असं सेल्समन तोंडी म्हणाला. म्हणजे एक तीस. जुन्या गाड्या घेणाऱ्या दोन ठिकाणी गाडी दाखवून आणा. एक पस्तीसच्या आत भाव आला तर शोरूमलाच द्या, पाच हजारांसाठी वणवण नको. एक पंचेचाळीस आला तर बाहेर. काहीही करा, पण नव्या गाडीचा आकडा पक्का होईपर्यंत जुनीचा विषय काढू नका. दोन्ही सौदे एकत्र मांडले की एका खिशात घातलेले दहा हजार तो दुसऱ्या खिशातून काढतो, आणि कुठून गेले ते तुम्हाला कळतही नाही.

जुनी गाडी देताना मी स्वतः एकदा पस्तावले आहे. एका एजंटला गाडी दिली, पैसे मोजून घेतले, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या आणि निर्धास्त झाले. त्यानं नावावर करून घेतलीच नाही. चौदा महिन्यांनी, रात्री कुकर लावताना, मोबाइलवर ई-चलान आलं. माझा नंबर, अनोळखी रस्ता, ताशी एकशे नऊ. मग दुसरं, मग तिसरं. त्या चलानांपेक्षा ‘या गाडीनं कुणाला उडवलं तर?’ या विचारानं माझी झोप गेली. कागदोपत्री मालक मीच होते ना. तुम्ही कुणालाही द्या, शोरूमला दिलीत तरी, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेलं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि आरसीवर नाव बदलल्याचं स्वतः ऑनलाइन तपासेपर्यंत काही रक्कम अडवून ठेवा. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा.

कर्जात शब्दाचा खेळ असतो. ‘फक्त सहा टक्के’ असं ऐकलंत, तर ‘फ्लॅट की रिड्यूसिंग?’ हा एकच प्रश्न टाका. फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर लागतं, रिड्यूसिंगमध्ये फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर. सहा लाख, पाच वर्षं. फ्लॅट सहा टक्क्यांनी व्याज होतं १,८०,०००, हप्ता १३,०००. बँकेच्या रिड्यूसिंग नऊ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण १२,४५५ आणि व्याज एक लाख सत्तेचाळीस हजारांच्या आसपास. सहा टक्के नऊ टक्क्यांहून महाग! मुदत सात वर्षं केलीत तर हप्ता ९,६५० वर येतो, ऐकायला गोड वाटतं, पण व्याज दोन लाख दहा हजारांच्या वर जातं. पाचच्या पुढे जाऊ नका. पगाराच्या बँकेत आणि तुमच्या शिक्षकांच्या पतपेढीत दर विचारून या. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड, हे दोन्ही लेखी घ्या.

आता घासाघीस. काचेच्या केबिनमध्ये जीभ चिकटते ना? मग निम्मं काम घरून करा. त्याच कंपनीचे तीन विक्रेते निवडा, एक ठाण्याचा, एक तुर्भे-नेरूळकडचा, एक कल्याणचा. तिघांचे मालक वेगळे आहेत ना ते बघा, नाहीतर एकाच घरच्या तीन दारांवर टकटक केल्यासारखं होईल. गाडी तुर्भ्याहून घेतलीत तरी नोंदणी तुमच्या ठाण्याच्या पत्त्यावर, एमएच ०४ मध्येच होते. पूर्वी मुंबईत जकातीमुळे गाडी महाग पडायची, तेव्हा गाव बदलण्यात वेगळा फायदा असे. आता फरक फक्त विक्रेत्याच्या गरजेचा आहे. तिघांना एकच मेसेज पाठवा. मॉडेल, रंग, ‘किट नको, कोटिंग नको, हँडलिंग नको, विमा माझा, सूट वजा करून शेवटचा आकडा लिहून पाठवा.’ दोघं म्हणतील, ‘मॅडम, तुम्ही या तरी, बसून बोलू.’ जो आकडा लिहून पाठवेल, त्याचा कागद घेऊन उरलेल्या दोघांकडे जा.

विमा आणि कर्ज ‘माझं’ म्हणालात, तरी ते पत्ते शेवटपर्यंत हातात ठेवा. आकडा अडला, की मग म्हणा, ‘३७,००० मध्ये हाच विमा द्या, तुमच्याकडूनच घेते, पण गाडीवर अजून दहा हजार सोडा.’ त्याला विम्यात कमिशन मिळतं, तुम्हाला दहा हजार. मी माझी गाडी घेतली ती अशीच, नवी मुंबईतल्या एका शोरूममध्ये. पैसे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले, आणि तो मुलगा तासभर आमच्या यांच्याकडे बघून मायलेज सांगत होता. आकड्याची वेळ आली तेव्हा तो ‘मॅनेजरना विचारून येतो’ म्हणून काचेमागे गेला. मला दिसत होतं, आत मॅनेजर नव्हताच. तो कूलरचं पाणी प्यायला, मोबाइल बघितला आणि चेहरा पाडून परत आला. ‘मॅडम, फार तर तीन हजार.’ मी पर्स उचलली. यांना म्हटलं, चला. लिफ्टपाशी पोचेपर्यंत तीनचे नऊ झाले होते. आणखी तीन हजार दुसऱ्या दिवशी फोनवर आले.

म्हणजे तुमच्या यांनाही काम आहे. त्यांनी लाजत गप्प बसायचं आणि शेवटी ‘उद्या कळवतो’ म्हणून उठायचं. लाजाळू माणसाच्या तोंडून हे वाक्य फार खरं वाटतं.

महिनाअखेरची घाई सेल्समनला आहे, टार्गेट त्याचं आहे. तिचा उपयोग तुम्ही करा. पण त्याहून चांगला मुहूर्त सांगते, तो म्हणजे पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे कुणी गाडी घेत नाही, शोरूममध्ये शुकशुकाट असतो. (२०२५ मध्ये तर सर्वपित्री झाली आणि दुसऱ्याच दिवशी, घटस्थापनेला, जीएसटी उतरला. त्या पंधरवड्यातल्या सेल्समनचे चेहरे विचारू नका.) टेस्ट ड्राइव्ह, कोटेशनं, रुसवे-फुगवे सगळं तेव्हाच उरका. सासूबाईंची हरकत नसावी, भाव करणं म्हणजे काही खरेदी नव्हे. बुकिंगचे पैसे घटस्थापनेला भरा, शोरूमच्या खात्यात, सेल्समनच्या मोबाइल नंबरवर नाही. पावतीवर मॉडेल, रंग, बनावटीचं वर्ष, ठरलेली सूट आणि बुकिंग रद्द केलं तर किती कापणार, हे सगळं लिहून घ्या. किमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागते, असं बारीक अक्षरात असतं. म्हणून हजर साठ्यातलीच गाडी घ्या आणि दोन दिवसांत चेसिस क्रमांक मागा. दसऱ्याच्या आधी नोंदणीची झुंबड उडते, मागे राहिलात तर सोनं वाटून होईल आणि गाडी गोदामातच.

नोंदणीपूर्वी, दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी, गोदामात जाऊन गाडी दिवसाउजेडी बघा. चेसिस क्रमांक पावतीशी जुळवा, किलोमीटर बघा, टायरवरचे चार आकडे वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), दारांच्या कडांवरून बोट फिरवा. दसऱ्याच्या दिवशी हार, पेढे आणि फोटो असतात, तेव्हा कुणी ओरखडा शोधत नाही.

तुम्ही न विचारलेलं एक सांगते. तुमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक पाळण्यांत गाड्या लावायची सोय, आहे का? कोलशेतला आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं हौसेनं उंच गाडी घेतली आणि ती खालच्या पाळण्यात शिरेचना. दोन वर्षं ते गाडी रस्त्यावर लावतायत आणि मेंटेनन्स पार्किंगचाही भरतायत. बुकिंगआधी सेक्रेटरींकडून पाळण्याची उंची, लांबी आणि वजनाची मर्यादा लिहून घ्या, टेपनं मोजा. आणि टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना न्या. शोरूमचा मुलगा तुम्हाला सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून आणेल, ते चालवून घेऊ नका. पाचही जण बसा, एसी लावा आणि गायमुखच्या चढाला गाडी घाला. परत आल्यावर सासूबाईंना स्वतःच्या हातानं दार उघडून उतरू दे, तीन वेळा. तिसऱ्यांदा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला तर ती गाडी आपली नाही, कितीही सूट मिळो.

तिन्ही कोटेशनं आली की फोटो पाठवा. आरटीओची ओळ मी आधी बघेन.